किपर आन् स्लिपच्या मधनं

खाजा,

शुक्रवारी तुला माती दिली. कबरीभोवती माणसं दाटली होती. मी आपोआप उजव्या अंगाला, दोन हात सोडून, एक पाऊल मागं उभा राहिलो. कुणीतरी म्हणालं, "लिंबाजी काका, पुढं या की, मूठ टाका." तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी स्लिपमध्ये उभा आहे. पाय आपले जुन्या जागेवर गेले होते. तू किपर, मी तुझ्या उजवीला पहिली स्लिप. दहा वर्षं आपण तसेच उभे राहिलो, पायांना दुसरी जागा ठावंच नाही.

पुढं गेलो, तीन मुठी टाकल्या.

रविवारी दूध सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. माने मास्तर काठी टेकत उठले. आपल्या टीमचे कॅप्टन, आता त्यांना खुर्चीतून उठवायलाच दोन माणसं लागतात. पण बोलले चांगलं. तुझ्या हातांबद्दल बोलले, तुझ्या हसण्याबद्दल बोलले. आणि शेवटी म्हणाले, "एवढा मोठा किपर, पण फायनलला एक कॅच खाजाभाईच्या हातून सुटला आन् कारखान्याची नोकरी हुकली. नशीब, दुसरं काय." हॉलमधल्या माणसांनी माना हलवल्या. मीही हलवली. खाजा, त्या कॅचवर माझी मान हलली. त्या मानेची लाज वाटते म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी तिसरी पास. जोडाक्षर आलं की माझं पेन बैलासारखं अडतं. पण हे दुसऱ्याकडून लिहून घेण्यासारखं नाही. तालुक्याच्या पेपरवाल्याला देणार आहे आणि सांगणार आहे, आहे तसं छाप, सुधारायला जाऊ नको. तो कॅच किपरचा का स्लिपचा, यावर आपण चाळीस वर्षं भांडलो. तू गेलास म्हणून भांडण मी जिंकलं असं होत नाही.

तुला नीट पाहिलं ते बाहत्तरच्या दुष्काळात, तळ्याच्या कामावर. गाव एकच, पण तुमची पिंजाऱ्यांची घरं त्या टोकाला आणि आमची वस्ती या टोकाला. त्या साली गाद्या कोण भरून घेणार? तुझ्या बापानं कापूस पिंजायचं धनुष्य खुंटीला टांगलं आणि तू आमच्यासारखाच बांधावर माती टाकायला आलास. भरलेली घमेली हातोहात वर जायची आणि रिकामी वरून खाली फेकायची. खाली झेलायला कुणी तयार नसायचं. पत्र्याची धार लागून बोटं फाटायची. तू उभा राहिलास. घमेलं येताना दिसलं की हात पुढं करायचास आणि ते हाताला लागायच्या टायमाला हात जरा मागं घ्यायचास. वाजायचंच नाही. मुकादम एकदा काम सोडून बघत राहिला.

"काय रं, घमेल्यात कापूस भरलाय का?"

"घमेल्यात न्हाय मालक, हातात हाय," तू म्हणालास. "पिंजाऱ्याची अवलाद हाय."

दुपारी सुकडी मिळायची. ती आपण दोघं एकाच ताटलीतून खायचो. काही लोकांच्या डोळ्यांत ते खुपायचं, तुझ्याकडच्याही आणि गावातल्याही. तू त्यांच्याकडं बघत आणखी एक घास घ्यायचास, अगदी चावून चावून.

मग तळं झालं. आपण बांधलेलं तळं. ते भरलं की गाव निवांत आणि आटलं की आपलं मैदान उघडं पडायचं. असं मैदान दुसरीकडं कुठं मी ऐकलं नाही. चांगल्या साली होळीपर्यंत पाण्याखाली आणि वाईट साली दिवाळीपासूनच कोरडं. पाऊसपाणी झालं की सगळं गाव खूश आणि आपण अकरा जण तोंड पाडून बांधावर. माने मास्तर ओरडायचे, "मनात सुदिक आणू नका रे, पाप लागंल." ते शाळेत शिकवायचे, त्यांनीच टीम उभी केली होती. कॉर्कचा बॉल, पोत्यांची शिवून केलेली मॅट आणि तुझे ग्लोज. ते ग्लोज तुझ्या आईनं गादीच्या कापडाचे केले होते, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, आत कापूस. बाहेरगावची टीम आधी हसायची. चार षटकं झाली की हसायची बंद व्हायची.

आता ती यष्टीची गोष्ट. मला माहीत आहे, तू असतास तर म्हणाला असतास, "ती पयले लिही."

पेपर आपल्या फाट्यावर नळदुर्गाकडून येणाऱ्या गाडीनं यायचा, एक दिवस शिळा. चहाच्या टपरीवर मी वाचून दाखवायचो, कारण तू सोडून बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं, आणि तुला ऐकत बसायला आवडायचं. त्या दिवशी मोठ्या अक्षरात होतं: "भारताचा यष्टिरक्षक जखमी." मी अक्षर अक्षर लावलं आणि सांगितलं, "यष्टीला कुठंतरी अपघात झालाय. गाडीवरचा राखणदार जखमी हाय." टपरीवर गलका झाला. एका म्हातारीचा पोरगा गाडीवर होता, तिनं पदर तोंडाला लावून रडायलाच सुरुवात केली. तू पेपर माझ्या हातून ओढला, वाचला आणि मटकन खाली बसलास. मला वाटलं, लई मोठा अपघात आहे. तू हसत होतास. आवाजच फुटत नव्हता.

"आरं लिंब्या, यष्टी म्हंजे काठी. इस्टंप. त्याची राखण करतो तो किपर. आपल्या देशाच्या किपरला बोटाला लागलंय."

"काठीला काठी म्हणत्यात," मी म्हणालो. "यष्टी म्हंजे यष्टी. लाल डब्याची."

"पेपरात छापलंय की."

"पेपरवाल्याला काय कळतंय?"

त्या म्हातारीला तू घरापर्यंत सोडून आलास, वाटंत समजावत. मी माझा शब्द मागं घेतला नाही. आजही घेत नाही. सगळ्या महाराष्ट्रात जा आणि विचारा यष्टी म्हणजे काय, काठी कोण म्हणतंय बघू. त्या दिवसापासून टीममध्ये तुझं नाव यष्टीरक्षक पडलं.

त्या सालांत साठ षटकांचा, एका दिवसात निकाल लावणारा खेळ नवाच होता. रेडिओ दूध सोसायटीचा. मी तिथं माप घालायचो. संध्याकाळच्या दुधाला माणसं किटल्या घेऊन यायची आणि दूध घालून झालं तरी हलायची नाहीत. तू दाराच्या चौकटीला टेकून उभा असायचास आणि आपलं भांडण चालू.

"किपरनं रन केलेच पाह्यजेत," तू म्हणायचास. "एका दिवसाचा खेळ हाय. अकरातला एक माणूस नुसता झेलायला ठिवला तर बाकीच्या धा जणांनी किती वढायचं?"

"मग राखणदाराला नांगर धरायला लाव. राखण करणाऱ्यानं राखण करावी."

"तुला बॅट धरता येत न्हाय म्हणून बोलतो तू."

"आन् तुला येती म्हणून तू बोलतो."

"हौ. मग? खरंच हाय की."

आपल्या देशाच्या किपरचं तोंड कितीतरी वर्षं मला माहीत नव्हतं. रेडिओला तोंड नसतं. मी त्याला मनात तुझंच तोंड लावून टाकलं होतं. पुढं सोसायटीत टीव्ही आला, तू मला बोट दाखवून म्हणालास, "ह्यो बघ आपला किपर." मी म्हणालो, "ह्यो न्हाय." तू म्हणालास, "आरं ह्योच." मी म्हणालो, "आसंल. पण ह्यो न्हाय." हे तुला का म्हणालो ते तुला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

तू एक गोष्ट बोलायचास, ती माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. "रेडिओवर बॉलरचं नाव येतं, बॅटिंगवाल्याचं येतं. किपरचं नाव दिवसभर आलं न्हाय तर समज त्यानं काम चोख केलं. सुटला की मग येतं नाव." तुझं तसंच झालं बघ. दहा वर्षांत किती झेललेस ते रविवारी कुणाला आठवलं नाही. सुटलेला एक आठवला. आणि तो तुझा नव्हता.

एका दिवसाच्या खेळात चेंडू जुना झाला की कॅप्टन स्लिप काढून घेतो आणि त्या माणसाला रन अडवायला लांब पाठवतो. मागं किपर एकटा राहतो. रेडिओवर स्लिप काढल्याचं ऐकलं की तू माझ्याकडं बघून हात झटकायचास, "चल लिंब्या, गेलं तुझं काम." मला खरंच राग यायचा. बाकी मी काय होतो? बॉलिंग नाही, बॅटिंगला सगळ्यांच्या शेवटी. स्लिपमध्ये उभं राहणं हेच माझं होतं. तेही तूच शिकवलेलं. गुडघ्यावर हात ठेव, बॉलरकडं बघू नको, बॅटच्या कडेकडं बघ. आणि मधनं चेंडू गेला तर एकच नियम: बोलला त्याचा. ज्यानं आधी "माझा" म्हटलं त्याचा कॅच, दुसऱ्यानं हात काढून घ्यायचा. न्हायतर दोघांची बोटं एकमेकांत आडकत्यात, असं तू म्हणायचास.

विश्वचषक जिंकला त्या सालचा उन्हाळा. तळं पुरतं आटलं होतं. साखर कारखान्यानं तीस-तीस षटकांचे सामने ठेवले होते आणि फायनल आपल्या तळ्यात. कारखान्याचे साहेब येणार होते, एक खेळाडू कायमच्या नोकरीवर घेणार होते. कोणासाठी येणार ते सगळ्या गावाला ठावं होतं. दुष्काळात घमेली झेललेला माणूस सहकारी कारखान्याच्या टीममध्ये किपर होणार, याचा आमच्या वस्तीत आणि तुमच्या आळीत दोन्हीकडं आनंद होता. मास्तरांनी आधीच तेरखेड्याहून फटाक्यांचं खोकं आणून ठेवलं होतं.

शेवटचं षटक. त्यांना तीन रन पाहिजेत, शेवटची जोडी. मास्तर म्हणाले, "लिंबाजी, लांब जा. रन अडव."

"मी स्लिप सोडत न्हाय."

"आरं, एका दिवसाचा खेळ हाय हा. ह्या टायमाला कोण स्लिप ठिवतं?"

तू मध्ये पडलास. "राहू द्या मास्तर. लिंब्या हलला तर मला उजव्या अंगाला गार लागंल."

सगळे हसले. मी राहिलो. तू ठेवलंस म्हणून राहिलो.

बॅटची कड लागली. चेंडू आपल्या दोघांच्या मधोमध, कंबरेच्या उंचीनं. तुझा ग्लोज निघाला होता. मला दिसला, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, माझ्या पुढं आडवा येताना. आणि माझ्या तोंडून गेलं, "माझा."

ओरडलो नाही. श्वासाबरोबर गेलं. मास्तरांना ऐकू गेलं नाही, बॉलरला गेलं नाही, बॅटवाल्यालाही गेलं नसेल. पण तुझ्या-माझ्यात दोन हाताचं अंतर. तुझा ग्लोज तिथल्या तिथं थांबला. बोलला त्याचा. तू नियम पाळलास.

आणि माझे हात गुडघ्यावरच राहिले.

का राहिले ते मला सांगता येत नाही. लई वर्षं विचार केला. उन्हाची तिरीप आली असं स्वतःला सांगून बघितलं, पण ऊन पाठीमागं होतं. मी भ्यालो. एवढंच आहे. माझा म्हटलं आणि त्याच क्षणाला तो माझा झाल्याचं भय वाटलं. चेंडू मधनं गेला आणि हद्दीवरच्या सांडव्याच्या दगडावर आपटून वाजला. फेकलेलं घमेलं वाजावं तसा.

मास्तर पळत आले. "खाजा! हातात ग्लोज असून?"

तू माझ्याकडं बघितलंस. दोन श्वास असतील. तेवढा वेळ तू मला दिला होतास. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. नाडी सुटली नव्हती. मग तुझा आवाज ऐकला.

"माझाच व्हता, मास्तर."

बोलला त्याचा. तेव्हापासून गावानं तो तुझा धरला. कारखान्याच्या साहेबांनी समोरच्या टीमचा किपर निवडला. तुला भेटलेसुद्धा नाहीत.

घराकडं जाताना बांधावर तू एकदाच विचारलंस. रागानं नाही. चप्पल हातात घेऊन चालत होतास.

"लिंब्या, तू काय बोलला व्हतास का?"

"न्हाय," मी म्हणालो.

"हौ? मग माझे कान वाजले."

खाजा, कॅच सुटणं हा खेळ आहे. ते "न्हाय" खेळात बसत नाही. आमच्या विहारात पंचशील म्हणताना चौथं शील येतं, खोटं बोलणार नाही म्हणून. इतकी वर्षं तिथं माझा आवाज बारीक होतो. शेजारच्याला वाटतं, लिंबाजीला दम लागला.

आणि माझा हेकटपणा बघ. खोटं बोलून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी उलटा तुझ्या अंगावर आलो. सोसायटीच्या दारात चार माणसांत म्हणायचो, "ग्लोज तुझ्या हातात व्हते. ग्लोजवाल्याचा कॅच." तू म्हणायचास, "स्लिप काय नुसती शोभंला व्हती का?" माणसं हसायची. त्यांना वाटायचं गंमत चालली आहे. पण ते वाक्य बोलून झालं की तू कानावर बोट ठेवून जरा हलवायचास, पाणी गेल्यासारखं. ते फक्त मला कळायचं.

महिनाभरानं आपला देश विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी ते तेरखेड्याचं खोकं काढलं. मधल्या पावसानं छप्पर गळून निम्मे सादळले होते. तू एकेक वात पेटवत होतास, एक वाजायचा, दोन फुसफुसायचे. फुसका निघाला की माझ्याकडं बघायचास. "लिंब्या, ह्यो तुझा." वाजला की म्हणायचास, "ह्यो आपल्या किपरचा." मी म्हणालो, "आन् तुझा कुठला?" तू खोक्यात हात घालून चाचपलंस. "माझे वाजवायचेत अजून." त्यातला एक तू खिशात घातलास. त्याचं पुढं काय केलंस, मी विचारलं नाही.

वर्षाच्या आत तुला गाडीवर कंडक्टरची नोकरी लागली. उमरगा डेपो. अंगात खाकी, खांद्याला तिकिटांची पेटी. मी पहिल्यांदा तुझ्या गाडीत चढलो तेव्हा तूच सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणालास, "बघ लिंब्या, तुझंच खरं झालं. यष्टीचा राखणदार झालो का न्हाय?" माणसं हसली, मीही हसलो. मग तिकीट मुठीत घेऊन फाट्यापर्यंत बाहेर बघत बसलो. मी चुकीचं वाचलं होतं आणि ते तुझ्या अंगावर खाकी होऊन चढलं होतं.

रविवारी तुझी ड्युटी असायची. सामने सुटले. गादीचे ग्लोज तू परत घातल्याचं मी बघितलं नाही. माझं म्हणशील तर मीही स्लिपमध्ये परत उभा राहिलो नाही. नव्या किपरनं बोलावलं होतं. त्याच्या शेजारी मला उघड्यावर उभं केल्यासारखं वाटलं.

पण हात तेच होते. नळदुर्गाच्या अलीकडं वळणावर म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि वरच्या फळीवरून कासारणीची बांगड्यांची टोपली सुटली. तू तिकीट फाडत होतास. वळलास, दोन्ही हात वर, आणि टोपली हातात आली तशी हात मागं घेतलेस. एक बांगडी फुटली नाही. कासारीण तुझ्यावरून हात ओवाळून आपली बोटं कडाकडा मोडून दृष्ट काढायला लागली. गाडी टाळ्या वाजवत होती. तू मागच्या सीटवर बसलेल्या माझ्याकडं बघून म्हणालास, "ग्लोज न्हवते, लिंब्या."

तू मला कधी टोचलं नाहीस असं मी म्हणणार नाही. टोचलंस. पण जिथं लागंल तिथं हात मागं घेऊन टोचलंस.

पुढं कारखाना बंद पडला. तिथं लागलेली माणसं घरी बसली. तू मला मुद्दाम येऊन सांगितलंस, "बरं झालं न्हाय का? यष्टी चालू राह्यली." मला मोकळं करायला आला होतास. मी तेवढ्यावरही भांडलो. "कारखाना बंद पडला म्हणून कॅच पकडला आसं होत न्हाय." तू हसलास. "तेच तर. ते तू बोललास, मी न्हाय." कॅचचा विषय मीच काढून घसरलो होतो आणि तुझ्या ध्यानात आलं होतं. तरी तू पुढं विचारलं नाहीस.

किती किपर आले आणि गेले आपल्या देशाचे. साठ षटकांची पन्नास झाली, पन्नासाची वीस झाली. आता किपर नुसता रन करत नाही, सामने जिंकून देतो. तुझं खरं झालं, हे मी तू जिवंत असताना मानलं नाही, आता मानतो. आपण दोघं म्हातारे सोसायटीच्या टीव्हीपुढं बसायचो. एके दिवशी किपरचा आवाज टीव्हीवर स्पष्ट ऐकू आला, तो बॉलरला कायतरी सांगत होता. मी म्हणालो, "ह्याचं बोलणं आपल्याला कसं ऐकू येतंय?"

"यष्टीतच माईक बसिवलाय," तू म्हणालास. "किपर बोलला, स्लिप बोलली, समद्या जगाला ऐकू जातं." मग टीव्हीकडंच बघत म्हणालास, "आपल्या टायमाला असता तर?"

मी म्हणालो, "आपल्या टायमाला लाईट कुठं व्हती?"

तू हसलास, मान हलवत. लई वेळ हसत होतास.

उमरग्याच्या दवाखान्यात मी ठरवून आलो होतो. गाडीत पाठ केलं होतं शाळेतल्या पोरासारखं. भाबी पाणी आणायला बाहेर गेली, खोलीत आपण दोघंच. तुझा हात हातात घेतला. सगळी बोटं वाकडी, घमेल्याची आणि कॉर्कच्या बॉलची. मी म्हणालो, "खाजा, मी बोललो व्हतो. माझा म्हणालो व्हतो."

तू माझ्याकडं बघितलंस. "आं?"

कानातलं मशीन टेबलावर होतं, चष्म्याशेजारी. दोन हाताच्या अंतरावर. ते उचलून तुझ्या कानात घालायचं आणि पुन्हा एकदा म्हणायचं, एवढंच काम होतं.

"काय म्हणतो रे?"

"काय न्हाय," मी म्हणालो. "च्या घितो का?"

पुन्हा माझे हात गुडघ्यावर राहिले.

हा कागद छापायला द्यायच्या आधी काल मी भाबीकडं गेलो. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती तांदूळ निवडत होती. निवडणं थांबलं नाही. मग म्हणाली, "मालूम है भाऊ."

"खाजानं सांगितलं?"

"उनो कुछ नै बोले. नींद में बोलते थे कभी. बोलला त्याचा, बोलला त्याचा." तिनं खडा बाजूला टाकला. "नक्को छापो, भाऊ. उनो चालीस साल पकड के रक्खे. तुमे अब कायकू छोडते?"

उठलो, दारापर्यंत आलो. तिथं खुंटीला तुझी खाकी टोपी होती आणि तिच्याखाली ते गादीचे ग्लोज, पट्टे उडालेले, कापूस बाहेर आलेला. उजव्या ग्लोजच्या बोटात काहीतरी टणक लागलं. तो तेरखेड्याचा फटाका होता. वात तशीच.

तेव्हा परत फिरून मी तिला म्हणालो, "भाबी, त्यानं पकडून ठिवला ते खरं. पण तो झेललेला बॉल बॉलरला परत द्यावा लागतो. त्याशिवाय पुढचा खेळ होत न्हाय."

तिनं सूप उचलून तांदूळ पाखडले. मग म्हणाली, "जिद्दी तो तुमे पयले से है."

फटाका मी मागून घेतला नाही. तो तुझा आहे.

एका दिवसाच्या खेळात स्लिप काढली तरी किपर उभा राहू शकतो. किपर काढून स्लिप एकटी उभी केल्याचं मी कुठल्या खेळात बघितलं नाही. तरी मी उभा आहे, उजव्या अंगाला, एक पाऊल मागं. आणि आता हे पेपरात छापून येईल. फाट्यावर कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवील, माझ्यापेक्षा जास्त शिकलेलं. माने मास्तर ऐकतील, वस्ती ऐकेल, आळी ऐकेल. त्या सगळ्यांसमोर, ओरडून म्हणतो: तो कॅच माझा.

खाजा, तुझे कान वाजले नव्हते.